सोबतीण

बोरीबाजार, ता. आदिलाबाद
१२ ऑगस्ट १९५६

चि. भगवंतास अक्काचा आशीर्वाद.

तुझ्या कचेरीचे परिपत्रक काल बँकेत पोचले. मी ते दोनदा वाचले. पहिल्यांदा राग आला म्हणून भरभर, दुसऱ्यांदा समजावे म्हणून सावकाश. १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडणार. आपण आंध्रात जाणार आणि शेजारचा किनवट तालुका मुंबई राज्यात जाणार. त्याआधी लहान सहकारी बँकांची तपासणी होईल. तिजोरी आणि कागद जुळले तर बँक राहील, नाही जुळले तर ती जिल्ह्याच्या मोठ्या बँकेत मिळवली जाईल. मला एवढेच समजले. याहून काही वेगळे असेल तर कळव.

मोठ्या बँकेशी माझे भांडण नाही. पण आपली राहीबाई भाजीवाली गेल्या महिन्यात तिथे गेली होती. कारकुनाने तिला तेलुगूत विचारले, मग उर्दूत विचारले आणि शेवटी हाताने खूण करून दार दाखवले. परत येऊन ती म्हणाली, "बाई, थे बँक नाई, कचेरी हाये. टोपलं ठेवाले जागाच नाई." आपल्याकडे टोपले पायरीवर राहते आणि ती आत येऊन बसते. बियाण्याचे कर्ज तिला मी तोंड ओळखून देते, कारण तिच्या वाफ्यात यंदा वांगी लागली की नाहीत हे मला येता-जाता दिसते.

बँक ह्यांनी काढली. ते गेल्यापासून चार वर्षे मी मानद चिटणीस आहे. आई गेल्यावर तू आमच्याकडे आलास तेव्हा बँकेच्याच बाकावर बसून पाढे म्हणत होतास, तेव्हा तुला जास्त सांगायला नको.

माझा प्रश्न सरळ आहे. आपले निम्मे सभासद केळझरी आणि तिकडच्या गावांचे आहेत, म्हणजे किनवट तालुक्यातले. नोव्हेंबरनंतर त्यांचे काय? उत्तरही सरळ दे. तू माझा भाऊ आहेस म्हणून मला सवलत नको. तू त्या कचेरीत आहेस म्हणून माहिती हवी.

रेणुका


हैदराबाद
१९ ऑगस्ट १९५६

ती. अक्कास कृ. सा. नमस्कार.

तुझ्या प्रश्नाला सरळ उत्तर आज कोणीच देऊ शकणार नाही. कचेरीत सगळे हवेत आहेत. कोण कोणत्या राज्यात जाणार याच्या याद्या होतात आणि फाडल्या जातात. मी मुंबई राज्य मागितले आहे. मराठी माणसाने इथे राहून आता काय करायचे? पलीकडच्या सभासदांबाबत बहुधा मुदत मिळेल. पण आधी बँक तपासणीत टिकली पाहिजे, आणि ती टिकण्यासारखी आहे. तुझ्या कागदांत कोणाला चूक सापडणार नाही.

एकच गोष्ट विचारतो. गौरीच्या सणाला गहाणाचे दागिने घरी नेऊ देण्याची रीत अजून चालू आहे का? असेल तर यंदा बंद ठेव. हे मी भाऊ म्हणून सांगतो. दुसऱ्या एका जिल्ह्यात पतपेढीच्या चिटणिसाला नुकतेच पोलिसांनी नेऊन बसवले. तिजोरीत एक नथ कमी होती, आणि ती चिटणिसाने चोरली नव्हती. तो साठीचा माणूस आहे.

तुला काही झाले तर मी औरंगाबादेत किंवा मुंबईत बसून काय करणार? राज्यच वेगळे असेल. इकडे ये, आमच्यापाशी राहा, असे मालतीही म्हणते. पण ते तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे. निदान एवढे ऐक.

तुझा
भगवंत


बोरीबाजार
२४ ऑगस्ट १९५६

चि. भगवंतास आशीर्वाद.

रीत चालू आहे. बंद होणार नाही. का, ते सांगते.

तू लहान असताना पाहिले आहेस, पण मुलांना त्यातला नैवेद्यच तेवढा आठवतो. गौरी, म्हणजे आपल्या बायकांच्या लक्ष्म्या, येतात त्या सकाळी सभासद बाई बँकेत येते. तिच्याबरोबर एक सोबतीण असते आणि ती दुसऱ्या भावकीतलीच लागते. मी दोघींना कुंकू लावते, थैलीतले दागिने काढून देते, रिकामी थैली तिजोरीत ठेवते. अंगठा घेत नाही, सही घेत नाही. तिसऱ्या दिवशी विसर्जन झाले की दोघी मिळून दागिने परत आणतात. एकटी आली तर मी घेत नाही, सोबतिणीला घेऊन ये म्हणून परत पाठवते. ह्यांना मी एकदा विचारले होते की दुसऱ्या भावकीचा हट्ट कशाला. ते म्हणाले, एका घरात काही झाले तर निभवायला दुसरे घर हवे. या तीन दिवसांना दागिने माहेरी गेले, असे बायका म्हणतात. आजवर एक मणी कमी झाला नाही.

परवा केळझरीच्या जयवंताबाई आल्या. बरोबर रुख्मिणी होती, आपल्या बाजारातल्या उद्धवराव दुकानदाराची बायको. तिचे माहेर केळझरीचे. जयवंताबाई बसल्या नाहीत.

"बाई, यंदा आमची लक्ष्मी उघड्या गळ्यानं बसन का?"

"का म्हणून?"

"गावात सारे बोलून राह्यले, का आमी आता दुसऱ्या राज्याचे झालो. बँक डागिने देनार नाई म्हनतेत."

रुख्मिणी मध्येच म्हणाली, "काऊन नाई देनार? सोबतीण मी हाओ. माह्या मालकाचं दुकान इथं बजारात हाये. मी काय तागडी डोक्यावर घेऊन पळून जातो?"

मी सांगितले, मिळतील.

आता तू विचार कर. यंदा मी नाही म्हटले तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला एकच अर्थ कळेल, की बँकेने केळझरीला परके ठरवले. सरकारने ठरवायच्या आधी आपणच ठरवले. मग ते लोक ठेवी काढून नेतील, आणि तपासायला तुझ्या कचेरीला रिकामी खोली मिळेल.

उद्धवराव मात्र खुशीत दिसतात. ते स्वतः गहाणाचा धंदा करतात आणि आपल्या बँकेमुळे तो निम्म्यावर आला आहे. सभासद झाले ते केवळ आत काय चालते हे बघायला. काल रस्त्यात भेटले. "बाई, तुमची बँक हाये का हळदीकुंकू, मले तर समजूनच नाई राह्यलं. माह्या दुकानात नथ एकदा आत गेली का पैसे आल्याबिगर भाईर येत नाई. याले धंदा म्हनतेत." मी म्हटले, म्हणूनच तुमच्याकडे नथ घेऊन कोणी येत नाही. हसत गेले. ते हसणे मला आवडले नाही.

रेणुका


हैदराबाद
१ सप्टेंबर १९५६

ती. अक्कास नमस्कार.

हे पत्र वाचून जाळून टाक.

तुझ्या बँकेविरुद्ध निनावी तक्रार आली आहे. सणाला दागिने बाहेर जातात आणि तिजोरीत रिकाम्या थैल्या राहतात असे तिच्यात लिहिले आहे. तपासणीसाठी अमृतराव नावाचे अधिकारी १२ सप्टेंबरला, म्हणजे ऐन गौरीपूजनाच्या दिवशी बोरीबाजारला येतील. माणूस वाईट नाही पण कडक आहे, आणि ओळख मानत नाही.

आता तुला तारीख माहीत आहे. त्या दिवशी थैल्या भरलेल्या दिसल्या की तक्रार खोटी ठरते. मग बँकेला कोणी हात लावू शकत नाही. एकच वर्ष, अक्का. पुढच्या वर्षी काय करायचे ते कर.

भगवंत


बोरीबाजार
७ सप्टेंबर १९५६

चि. भगवंत,

पत्र जाळले नाही. जाळावे लागेल असे काही मी लिहीत नाही, आणि मला लिहिलेलेही जाळत नाही.

तारीख कळवलीस त्याबद्दल तुझे आभार मानू की तुझे कान धरू, हे ठरत नाही. तपासनीस येणार म्हणून त्याच दिवशी तेवढी तिजोरी भरलेली ठेवायची, आणि त्याची गाडी सुटली की पुन्हा आपली रीत चालू. याला मी फसवणूक म्हणते. बँक टिकावी म्हणून अशी फसवणूक केली तर टिकलेली वस्तू बँक नसेल. अमृतरावांना जी खरी आहे ती तिजोरी दिसेल. त्यांनी विचारले तर मी उत्तर देईन.

मला भीती वाटत नाही असे समजू नकोस. परवापासून जेवण जात नाही. पण मंगळवारी सकाळी बायका येतील तेव्हा मी कुंकवाचा करंडा घेऊन बसलेली असेन.

तक्रार कोणाची हे मला ओळखू येते. दागिने कधी जातात, कधी येतात, थैल्या मागे राहतात, हे सगळे ज्याच्या घरात सोबतीण आहे त्यालाच माहीत असणार. त्या माणसाशी मी नंतर बोलेन.

रेणुका


बोरीबाजार
१३ सप्टेंबर १९५६, दुपार

चि. भगवंत,

काल अमृतराव आले. सडपातळ माणूस, गळ्याशी बंद कोट, पाणीसुद्धा स्वतःच्या तांब्यातले. मी तिजोरी उघडून दिली. त्यांनी पहिली थैली उचलली, दाबून पाहिली, दुसरी उचलली.

"बाई, यांत हवा आहे."

"हो. दागिने लक्ष्मीच्या अंगावर आहेत."

"कोणत्या लक्ष्मीच्या?"

"घरोघरच्या."

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "म्हणजे तक्रार खरी." मी म्हटले, "अक्षर न् अक्षर. फक्त लिहिणाऱ्याने दागिने परत येतात हे लिहिले नाही." त्यांनी हुकूम केला, आत्ताच्या आत्ता सगळे मागवा. मी सांगितले, आज पूजन आहे. विसर्जन झाल्याशिवाय देवीच्या अंगावरून काही काढत नाहीत. तुम्हाला काढायचे असेल तर घर दाखवते, तुम्ही हात घाला.

त्यांनी थैल्या माझ्या हाती परत दिल्या. मग गहाणाचे कागद काखेत मारून उठले. "चला. तिजोरी जिथे असेल तिथे तपासू."

भगवंत, तू हसशील. सरकारी तपासनीस बोरीबाजारात घरोघर फिरून देवीच्या गळ्यातल्या माळा कागदाशी ताडून पाहत होता. राहीबाईकडे त्यांनी वाकून नथीचे मोती पाहिले, तर ती म्हणाली, "सायेब, आधी नमस्कार करा, मंग तपासा." त्यांनी केला. पहिल्या घरी पुरणपोळीला नाही म्हणाले, दुसऱ्या घरीही. नंतरच्या एका घरी न बोलता पाटावर बसले. गावातले सगळे जुळले.

केळझरी आणि तिकडची गावे राहिली. त्यांच्याबद्दल मला म्हणाले, शुक्रवारी दुपारच्या मोटारीने मी परत जाणार. तोवर सगळ्या थैल्या भरल्या पाहिजेत. एक जरी रिकामी दिसली तर बँक बंद करण्याची शिफारस लिहीन, आणि तुमच्यावर गुन्हा नोंदवायचा की नाही तेही लिहावे लागेल. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागले.

आज पहाटेपासून विसर्जनाची वेळ होती. सकाळपासून बायका जोडीजोडीने येत आहेत. तिकडच्याही आल्या. एकच थैली रिकामी आहे, जयवंताबाईंची. पुतळ्यांची माळ आणि पाटल्या, आपल्या तिजोरीतला सगळ्यांत जड ऐवज.

आत्ता निरोप आला आहे. पूजनाच्या संध्याकाळीच त्यांचे चुलत सासरे नागोराव वारले. भावकीला सुतक लागले. घरातल्या कोणी देवीला हात लावू शकत नाही. लक्ष्म्या दागिन्यांसकट तशाच उभ्या आहेत. अशा वेळी निभवायलाच सोबतीण असते, आणि यांची सोबतीण कोण, तर रुख्मिणी.

मी तशीच उद्धवरावांच्या दुकानात गेले. रुख्मिणी कुठे विचारले. म्हणाले, "घरी नाई." मग मी गप्प बसले नाही. गिऱ्हाइके उभी होती, त्यांच्यासमोर सांगितले की तक्रार तुमची, दिवस तुम्ही साधलात, आणि आता बायकोला लपवून बँकेचा गळा धरलात. ते तागडीतली साखर पुडीत ओतत होते. पुडी बांधून झाल्यावर म्हणाले, "बाई, तुमी मोठ्या. बोलून घ्या." दुसरा शब्द नाही. खोटा माणूस असाच गप्प राहतो.

२३ तारखेला, रविवारी, मी खास सभा बोलावली आहे. बँक राहिली तर त्यांचे सभासदत्व काढण्याचा ठराव मी मांडणार. नाही राहिली तर सगळ्यांसमोर नाव घेणार. हे पत्र पेटीत टाकते आणि बँकेच्या पायरीवर जाऊन बसते. केळझरीचा रस्ता तिथून दिसतो.

रेणुका


हैदराबाद
१६ सप्टेंबर १९५६

ती. अक्का,

उद्धवरावांनी तक्रार केली नाही. मी केली.

आधी एवढे वाच आणि सभेत त्यांचे नाव घेऊ नकोस. बाकीचे मग वाच, किंवा वाचू नकोस.

मी तुझे वाईट केले असे मला त्या वेळी वाटले नव्हते. माझा हिशेब असा होता. नोव्हेंबरनंतर मी या कचेरीत नसेन. तेव्हा कधी कोणी खरीच तक्रार केली तर तुला वाचवायला कोणी नाही. त्यापेक्षा मी इथे असतानाच तक्रार यावी, तपासणीचा दिवस मीच ठरवून घ्यावा, तुला आधी कळवावा. तू त्या दिवसापुरते दागिने थांबवशील, तिजोरी भरलेली सापडेल, तक्रार खोटी ठरेल. बँकेला स्वच्छ शेरा मिळेल आणि ही रीतही आपोआप सुटेल. मला हे फार हुशारीचे वाटले. तू मला शिकवलेल्या अक्षराचे वळण मुद्दाम मोडून मी ते लिहिले.

माझी एकच चूक झाली. तारीख कळल्यावर तू थांबशील असे मी धरून चाललो. तुला चाळीस वर्षे ओळखणारा माणूस हे कसे धरून चालला, ते मला आता समजत नाही.

तुझे ७ तारखेचे पत्र आले तेव्हा अमृतराव निघून गेले होते. मी त्यांना थांबवू शकलो नसतो, किंवा शकलो असतो, पण मग सगळे सांगावे लागले असते. आणि तुला तार करणार होतो. पण आपल्या पोस्टात तार आधी बाजार वाचतो. खरे सांगायचे तर तेही कारण नव्हते. भ्यालो.

केळझरीचे दागिने आले का? तिजोरी भरली का? एक ओळ लिही. माझ्याबद्दल काही लिहू नकोस.

भगवंत


बोरीबाजार
१९ सप्टेंबर १९५६

पत्र मिळाले. सभा रविवारी आहे.

रेणुका


हैदराबाद
१० ऑक्टोबर १९५६

ती. अक्कास सा. नमस्कार.

सभेनंतर मी तीन पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर नाही. रागाने का होईना, पण लिही.

अमृतरावांचा अहवाल मंजूर झाला. आदेश परवा टपालात पडला. मी वरवर पाहिला. 'पडताळणी पूर्ण, ऐवज तिजोरीत पूर्ण,' असे आहे. म्हणजे जयवंताबाईंचे दागिने आले. कसे आले ते अहवालात नाही. बँक राहते. किनवट तालुक्यातल्या सभासदांची खाती मात्र ३१ ऑक्टोबरपूर्वी बंद करायची आहेत, आणि सणासाठी दागिने देण्यास मनाई आहे. मला मुंबई राज्य मिळाले. औरंगाबादेत हजर व्हायचे आहे.

मालती विचारते, यंदा भाऊबिजेला कधी निघायचे? मी तिला काहीच सांगितलेले नाही. चार नोव्हेंबरला येऊ का? सभेत काय झाले?

तुझा
भगवंत


बोरीबाजार
१७ ऑक्टोबर १९५६

चि. भगवंत,

आदेश मिळाला. आता क्रमाने सांगते.

त्या शुक्रवारी सकाळी मी आणि अमृतराव बँकेत बसलो होतो. ते घड्याळ काढत, बघत आणि ठेवून देत. मोटारीची वेळ जवळ आली तेव्हा केळझरीची बैलगाडी बाजारात शिरली. रुख्मिणी उतरली, हातात पदराखाली गाठोडे. मागून जयवंताबाई उतरल्या आणि पायरीच्या खालीच थांबल्या. अमृतराव म्हणाले, आत या. त्या म्हणाल्या, "सुतक हाये सायेब. मी इथंच उभी राह्यतो. पन दोघीनं यावं लागते, म्हनून आलो."

निरोप कळल्याबरोबर रुख्मिणी गुरुवारी सकाळीच केळझरीला गेली होती. तिथे न्हाऊन, आरती करून, तिने दुसऱ्याच्या लक्ष्म्यांच्या अंगावरचे दागिने उतरवले आणि विसर्जन केले. तिच्या स्वतःच्या घरच्या लक्ष्म्या तेवढा वेळ उभ्याच होत्या. संध्याकाळी उद्धवरावांनी एकट्याने त्यांची आरती म्हटली. निम्मी चुकली, असे शेजारी सांगतात. मी त्यांच्या दुकानात जाऊन जे बोलले ते त्याच दुपारी, या आरतीच्या आधी. ती घरी नाही एवढे त्यांनी खरे सांगितले होते. कुठे आहे हे मी विचारलेच नाही.

रुख्मिणीने गाठोडे सोडले. माझ्याकडे न बघता अमृतरावांसमोर माळ ठेवली, पाटल्या ठेवल्या. मग मला म्हणाली, "बजारात शिरल्या शिरल्या समजलं मले, तुमी आमच्या घरच्यायले काय काय बोलल्या ते. खरं सांगतो बाई, माळ घेऊन घरीच जानार होतो. पन थे काकू सुतकात पायरीखाली उभी राह्यली असती. तिचा काय गुन्हा?"

अमृतरावांनी मान खाली घालून लिहिले. जाताना ते आपला तांब्या विसरले. तो बँकेत आहे.

त्यानंतर तुझे पत्र आले.  राग होता, पण तुझ्यावर कमी. तू मला ओळखले नाहीस आणि मी उद्धवरावांना ओळखले नाही. दोघेही आपण शिकलेली माणसे.

रविवारी सभेला उभे राहायला जागा नव्हती. केळझरीची माणसेही आली होती. ठराव काय आहे हे सगळ्यांना बाजारातून कळलेच होते. मी उठले आणि सांगितले की तक्रार माझ्या भावाने केली, भगवंताने, ज्याला तुम्ही या बाकावर पाढे म्हणताना पाहिले. उद्धवरावांचा काही संबंध नाही. मी भर दुकानात त्यांना खोटे ठरवले. तेव्हा भर सभेत त्यांची माफी मागते, आणि चिटणीस म्हणून राहावे की नाही ते तुम्ही ठरवा.

 शेवटी राहीबाई म्हणाली, "मंग आता काढाचं कोनाले?" लोक हसले. उद्धवराव हसले नाहीत. उठून उभे राहिले आणि म्हणाले, "माफीचं काय लोनचं घालू, बाई? मले दुकानासाठी मोठी तागडी घ्याची हाये. कर्जाचा अर्ज करून राह्यलो." जन्मात त्यांनी या बँकेकडे कर्ज मागितले नव्हते. मी विचारले, "जामीन कोण?" माझ्याकडे बोट केले. "तुमी."

मी सही केली. चिटणीसपद राहिले.

जयवंताबाई गेल्या आठवड्यात दागिने कायमचे सोडवून घेऊन गेल्या. आदेशच तसा आहे. तिकडच्या इतरांचेही एकेक करून चालले आहे. तिजोरीचा एक कप्पा रिकामा झाला. जाताना त्यांनी विचारले, "पुढच्या साली डागिने माहेरी कुठून जातीन, बाई?"  मी त्यांना कुंकू लावले, रुख्मिणीला लावले, आणि त्या दोघी पायऱ्या उतरून गेल्या.

मनाईचा हुकूम मी पाळणार. त्याविरुद्ध अर्जही केला आहे. त्यावर पहिली सही उद्धवरावांची आहे. उत्तर नव्या राज्याकडून येईल आणि कदाचित तेलुगूत येईल, म्हणून पोस्टमास्तरांकडून मी अक्षरे गिरवायला घेतली आहेत. या वयात बोटे वळत नाहीत. वळतील.

आता तुझे. भाऊबिजेला ये. मालतीला आणि मुलांना सकाळीच माझ्याकडे पाठव. पण तिला सगळे सांगितल्याशिवाय हैदराबादेतून निघू नकोस. तू मात्र मोटारीतून उतरलास की सरळ उद्धवरावांच्या दुकानात जायचे. जे मला लिहिलेस ते त्यांना तोंडाने सांगायचे. गिऱ्हाइके असली तरी सांगायचे, असलीच तर बरे. मग रुख्मिणी तुला माझ्या दारात घेऊन येईल. मी तिला विचारले आहे. म्हणाली, "आनतो की. पन पयले घंटाभर दुकानात बसवतो त्यायले, साऱ्या बजारानं पाहू द्या."

ओवाळायचे ताट तयार असेल. एकटा आलास तर मी दार उघडणार नाही. तुला रीत माहीत आहे.

अक्का